उभ्या उभ्या बोललेलं

आमच्या घरात रोज संध्याकाळी एक सभा भरते आणि ती उभ्याने होते. सूनबाई हिंजवडीच्या एका कंपनीत आहेत, तिची माणसं थोडी पुण्यात, थोडी न्यूयॉर्कला. तिकडे सकाळचे दहा वाजले की ही सगळी मंडळी संगणकावर एकत्र येतात, पंधरा मिनिटं बोलतात आणि पांगतात. दहा वाजता म्हणजे आपल्याकडे मार्च ते नोव्हेंबर साडेसात, आणि एकदा तिकडची घड्याळं मागे सरकली की साडेआठ. अमेरिकेची घड्याळं पुढेमागे झाली की आमची आमटी पुढेमागे होते, हे मला या वयात कळलं.

सूनबाई ओट्याशी उभी राहून बोलते. खुर्ची असते शेजारी, पण नाही. मी एकदा विचारलं, अगं बस की. तर म्हणाली, "आई, या मीटिंगचं नावच स्टँडअप आहे. बसलं की लांबते." मला गंमत वाटली. आमच्या शाळेत छत्तीस वर्षं रोज सकाळी परिपाठ उभ्यानेच झाला. प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या. तोही अकरा मिनिटांच्या पुढे गेला की मागच्या रांगेतली मुलं एका पायावरून दुसऱ्या पायावर येऊ लागत. पायांना कळतं किती बोलायचं ते.

हे सगळं लिहायचं कारण मात्र गंमतीचं नाही. गेल्या वर्षी पावसाळ्यात एका रात्री सभा संपल्यावर ती बराच वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी कोथिंबीर निवडत होते. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाली, "आई, मी रोज सांगत होते हो."

झालं असं होतं की तिच्या कामाला दुसऱ्या एका तुकडीकडून चाचणीचा काही माल, म्हणजे माहिती, यायची होती. ती येत नव्हती. हे तिने त्या उभ्या सभेत तीन आठवडे जवळजवळ रोज सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. काम लांबलं, वरच्या लोकांनी विचारणा केली, तेव्हा पलीकडचे साहेब म्हणाले, आम्हाला कोणी कल्पनाच दिली नाही. खोटं बोलले असतील असंही तिला वाटत नव्हतं. विसरले होते. रोज सात जणांचं ऐकायचं, त्यात कोणाचं काय अडलंय ते तीन आठवड्यांनी कोणाला आठवणार?

मी साहजिकच मास्तरणीचा प्रश्न विचारला. "इतिवृत्त नाही का लिहीत तुम्ही?"

"नाही. लिहायचं नाही असंच आहे."

लिहायचं *नाही* असंच आहे! ज्या माणसाने आयुष्यभर हजेरीपट, टाचणवही, लॉगबुक, सूचनावही, शेरेबुक आणि पालकसभेचं रजिस्टर लिहिलं, तिला हे वाक्य कसं लागलं असेल ते माझ्या जुन्या सहकारी मैत्रिणींनाच समजेल. मग मी या गोष्टीच्या मागे लागले. माझं इंग्रजी शाळेपुरतं, पण नातू शेजारी बसला आणि आम्ही दोघांनी मिळून बरंच वाचून काढलं. इतिहास शिकवलेल्या माणसाला एक खोड असते, कुठलीही गोष्ट दिसली की ही कधीपासून, हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही.

आधी एक सांगते. संगणकाच्या लोकांना नोंदवहीचं वावडं मुळात नव्हतं. उलट त्यांची सगळ्यात प्रसिद्ध वस्तूच एक नोंदवही आहे. हार्वर्ड विद्यापीठात मार्क टू नावाचं खोलीभर पसरलेलं गणितयंत्र होतं. ९ सप्टेंबर १९४७ रोजी ते अडलं. चालवणाऱ्यांनी शोधलं तर आतल्या एका रिलेमध्ये पतंग अडकलेला. त्यांनी तो काढला आणि रोजच्या वहीत चिकटपट्टीने चिकटवून खाली लिहिलं की किडा प्रत्यक्ष सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणण्याची पद्धत त्याआधीपासूनची, एडिसनच्या काळापासूनची आहे, म्हणून तर तो विनोद. पतंगासकट ती वही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवली आहे. त्या दिवशी ज्यांनी तोंडी सांगितलं असतं, "अरे, पतंग निघाला," त्यांचं बोलणं दुपारच्या चहाबरोबर संपलं असतं.

मग बिघडलं कुठे? बिघडलं ते कागद फार झाल्यामुळे. १९७० मध्ये विन्स्टन रॉइस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने मोठ्या प्रणाली कशा बांधाव्यात यावर एक निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो की पन्नास लाख डॉलरचं यंत्र विकत घ्यायचं असेल तर तीस पानांचं वर्णन पुरेल, पण तेवढ्याच किमतीचं सॉफ्टवेअर घ्यायचं तर पंधराशे पानं लागतील. पंधराशे! आणि हा माणूस काही कारकुनी वृत्तीचा नव्हता, अनुभवाने बोलत होता. पुढे १९८५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सॉफ्टवेअर बनवण्याचं एक मानक काढलं, त्यात टप्प्याटप्प्याला द्यायच्या दस्तऐवजांची भली मोठी यादी होती. मला आमच्या जिल्ह्याचं कार्यालय आठवलं. त्यांना पटसंख्येची तीच माहिती चार तक्त्यांत चार प्रकारे लागायची, आणि तक्ते भरण्याच्या दिवशी वर्गात शिकवणं बंद असायचं.

म्हणजे ज्यांनी पुढे कागद झटकला ते आळशी नव्हते. कागदाखाली दबलेले होते.

आता ही रोजची सभा आली कुठून? अमेरिकेतल्या बोरलँड कंपनीत क्वाट्रो प्रो नावाचा, हिशेबाच्या तक्त्यांचा कार्यक्रम तयार झाला. आठ माणसांनी एकतीस महिन्यांत दहा लाख ओळी लिहिल्या. बेल प्रयोगशाळेतले जेम्स कोप्लिन यांनी या तुकडीचा अभ्यास करून १९९४ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की ही माणसं रोज भेटतात आणि भेटण्यात भरपूर वेळ घालवतात. तिकडे मॅसॅच्युसेट्समध्ये ईझल नावाच्या कंपनीत जेफ सदरलँड १९९३ पासून अशाच नव्या पद्धतीचे प्रयोग करत होते. हे गृहस्थ व्हिएतनाम युद्धात टेहळणीचं विमान चालवलेले. कोप्लिन यांच्या अभ्यासावरून त्यांनी आपल्या तुकडीत रोजची भेट सुरू केली, पण छोटी. या पद्धतीला 'स्क्रम' नाव पडलं. ते रग्बीतलं, खेळाडू खांद्याला खांदा लावून वाकतात ना, ते. टाकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी १९८६ मध्ये होंडा, कॅनन अशा कंपन्यांवर लिहिताना रग्बीची उपमा दिली होती, तिथून ते आलं. १९९५ मध्ये केन श्वाबर यांनी टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या परिषदेत या पद्धतीवर निबंध वाचला आणि ती जगाला माहीत झाली.

यात मला एक गोष्ट फार आवडली. रोज भेटा आणि बोला, कागद कमी करा, असं सांगणाऱ्या या पद्धतीतली ती रोजची भेट आली कशातून? तर बाहेरच्या एका माणसाने दुसऱ्यांच्या सभा पाहून लिहून ठेवलेल्या निबंधातून. कोप्लिन यांनी लिहिलं नसतं तर बोरलँडची ती आठ माणसं काय करत होती हे सदरलँडना कळलं नसतं, आणि आमची आमटी वेळेवर झाली असती.

सभेत तीन प्रश्न असत. काल काय केलं, आज काय करणार, कशात अडलंय. तिसरा प्रश्न खरा महत्त्वाचा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तर शाळेतलं कुठलंही पोर देतं.

उभं राहण्याबद्दल म्हणाल तर ते यांनी शोधलेलं नाही. इंग्लंडच्या राजाची प्रिव्ही कौन्सिल उभ्यानेच भरते. १० सप्टेंबर २०२२ रोजी तिसऱ्या चार्ल्सच्या राज्यारोहणाची सभा पहिल्यांदाच टीव्हीवर दाखवली, तेव्हा माजी पंतप्रधान ओळीने उभे असलेले आपण सगळ्यांनीच पाहिले. पण त्या सभेत जे मंजूर होतं ते कागदावर उतरतं, त्यावर सह्या होतात, ते जपलं जातं. आणि मिसुरी विद्यापीठातल्या तिघांनी १९९९ मध्ये पाचपाच माणसांचे गट करून तपासलं, एक गट बसलेला, एक उभा. बसलेल्यांना ३४ टक्के वेळ जास्त लागला, निर्णय मात्र काही अधिक चांगले झाले नाहीत. (आमच्या सोसायटीच्या कमिटीला हे छापून द्यावं असा विचार आहे. आमच्याकडे पहिला विषय 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' यालाच पाऊण तास जातो आणि शेवटचा 'आयत्या वेळचे विषय' येईपर्यंत अध्यक्षांना डुलकी लागते.)

त्याच सुमारास अमेरिकेत आणखी एक पंथ निघाला होता, केंट बेक यांचा. क्रायस्लर मोटार कंपनीच्या पगारपत्रकाच्या कामातून तो पुढे आला. ही मंडळी काम कशावर लिहीत? वाचनालयात पुस्तकांच्या सूचीची असतात तसल्या छोट्या कार्डांवर! एका कार्डावर एक काम, दोन ओळी, आणि कार्ड भिंतीवर. त्यांच्यातलेच रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये मांडलं की कार्डावर सगळं लिहायचंच नसतं, कार्ड ही संभाषणाची आठवण करून देणारी खूण. खरं काम समोरासमोरच्या बोलण्यात. हे वाचून मी थांबले, कारण हे खरंच आहे. माझं टाचण हे असंच असायचं. 'पानिपत, कारणे, नकाशा' एवढंच. पाठ त्या तीन शब्दांत नव्हता, वर्गात होता. तपासणीला आलेल्या साहेबांना मात्र टाचणात सगळा पाठ हवा असायचा.

पुढे ११ ते १३ फेब्रुवारी २००१ या तीन दिवसांत युटाह राज्यातल्या स्नोबर्ड या बर्फाळ ठिकाणी सतरा जण जमले आणि त्यांनी 'अजाईल'चा छोटासा जाहीरनामा लिहिला. त्यात पसाभर दस्तऐवजांपेक्षा चालतं सॉफ्टवेअर मोलाचं, अशा अर्थाचं एक कलम आहे. नीट वाचलं तर तेच लोक खाली म्हणतात की दुसऱ्या बाजूलाही किंमत आहे, फक्त आम्ही पहिलीला जास्त देतो. पण जाहीरनाम्यांचं नेहमी असंच होतं, वरची ओळ घोषणा होते आणि खालची कोणी वाचत नाही. 'कागद कमी' याचं 'कागद नको' व्हायला फार वर्षं लागली नाहीत.

यातला विरोधाभास बघा. त्या सतरांमधले एक होते वॉर्ड कनिंगहॅम. जगातली पहिली विकी, म्हणजे कोणीही यावं आणि लिहावं असं पान, त्यांनीच मार्च १९९५ मध्ये सुरू केलं. होनोलुलूच्या विमानतळावर 'विकी विकी' नावाची बस होती, हवाईच्या भाषेत त्याचा अर्थ भरभर, त्यावरून ते नाव. कार्डवाल्या पंथाचे सगळे वादविवाद त्या पानांवरच झाले. म्हणजे ही माणसं लिहीत नव्हती असं नाही. भरपूर लिहीत होती. फक्त, जे आवडीने लिहायचं ते लिहीत होती.

इथवर आल्यावर नातू म्हणाला, "आजी, म्हणजे आई चुकली की बरोबर?" मी त्याला म्हटलं, तुला एक जुनी गोष्ट सांगते. ती मी घरात कधी नीट सांगितलेली नव्हती.

१९८८ साली मी ज्या शाळेत होते तिथे नवे मुख्याध्यापक आले. उत्साही माणूस. त्यांनी शिक्षकसभा बंद केल्या, म्हणाले, रोज परिपाठाआधी ऑफिससमोर पाच मिनिटं सगळे उभे राहा, ज्याचं जे असेल ते बोला. आम्हाला फार आवडलं. खरंच फार छान चाललं होतं ते. एक तरुण मास्तर होते, त्यांना अपूर्णांक शिकवायला जमत नसे, ते सरळ सांगत, आणि कोणी जुनी बाई म्हणे, चौथ्या तासाला या, मी दाखवते. वही नाही, सही नाही.

माझा वर्ग सहावीचा, कौलारू इमारतीत. श्रावणात मला दिसलं की मधल्या तुळईला वाळवी लागलीय, खाली भुसा पडायचा. मी सकाळच्या उभ्या सभेत सांगितलं. चार दिवसांनी परत सांगितलं. मग मधूनमधून सांगत राहिले. "हो बाई, बघतो." मुलांची बाकं मी स्वतः एका बाजूला सरकवून घेतली. दिवाळीच्या सुट्टीत ती तुळई आणि अर्धी कौलं खाली आली. वर्गात कोणी नव्हतं. सुट्टी आठ दिवस उशिरा लागली असती तर... जाऊ दे.

चौकशी लागली. मला पत्र आलं. वर्गाची स्थिती वर्गशिक्षिका म्हणून आपण लेखी कळवली होती काय, कळवली असल्यास जावक क्रमांक व दिनांक नमूद करावा. जावक क्रमांक! मी म्हटलं, मी रोज सांगत होते. मुख्याध्यापकांना काही स्पष्ट आठवत नव्हतं. बाकीच्यांना आठवत होतं, पण कोणी लिहून दिलं नाही. त्यांचीही घरं होती, नोकऱ्या होत्या, मी आज कोणाला दोष देत नाही. माझी वेतनवाढ सहा महिने लांबली. रक्कम फार नव्हती. पण सेवापुस्तकात ती ओळ आहे, आणि मी रोज सांगत होते ही ओळ कुठेच नाही.

म्हणून गॅलरीतून आत येऊन सूनबाईने तेच शब्द उच्चारले तेव्हा माझ्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली.

पण गोष्ट इथे संपत नाही. संपली असती तर मी सरळ म्हटलं असतं, लिहा, सगळं लिहा. त्या प्रकरणानंतर मुख्याध्यापक बदलले. नव्यांनी सकाळची सभा ठेवली, पण एक जाड रजिस्टर आणलं. प्रत्येकाचं नाव, त्याने काय सांगितलं, खाली सही. मला वाटलं, आता बरं होईल. पहिले पंधरा दिवस नोंदी भरगच्च. मग त्या आटल्या. दुसऱ्या महिन्यात पान उघडलं तर नावापुढे 'विशेष काही नाही', खाली ' " ', ' " ', ' " '. अपूर्णांकवाले मास्तर गप्प झाले. आपल्याला शिकवता येत नाही हे रजिस्टरमध्ये सही करून कोण देईल? त्या वर्षी त्यांच्या वर्गाचे अपूर्णांक कच्चेच राहिले, पुढच्या वर्षी ती मुलं माझ्याकडे आली तेव्हा मला कळलं.

ज्या वहीने मला वाचवलं असतं तिनेच त्यांना बुडवलं. हे मला तेव्हा नीट उमगलं नव्हतं, नातवाला सांगता सांगता उमगलं.

सॉफ्टवेअरवाल्यांपुढेही हाच पेच आहे आणि त्यांच्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा दिसतो. रोजची सभा ही एकमेकांशी बोलण्याची. साहेबाला अहवाल देण्याची नव्हे, असं सगळे जाणकार सांगतात. नोंद सुरू झाली की माणसं एकमेकांकडे बघायचं सोडून लिहिणाऱ्याकडे बघून बोलतात. म्हणून नोंद नको. बरं, पण मग सगळे एका खोलीत असले पाहिजेत, भिंतीवरची कार्डं सगळ्यांना दिसली पाहिजेत. इथेच आपला, म्हणजे भारताचा, संबंध येतो. स्नोबर्डच्या सतरांपैकीच मार्टिन फाउलर. त्यांच्या कंपनीने बंगळूरमध्ये कचेरी काढली आणि तिकडून इकडे असं काम सुरू झालं. त्या अनुभवावर त्यांनी लेख लिहिला, त्यात कबूल केलं की माणसं दूर असली की लिहिणं वाढतंच, विकीचा उपयोग होतो, आणि शिवाय माणसं इकडून तिकडे नेऊन ठेवावी लागतात, वकिलासारखी. वाचून मला पेशवाईची आठवण झाली. पुण्याचे वकील ठिकठिकाणच्या दरबारी असायचे आणि पत्रं पाठवायचे, त्या पत्रांवरच आपला अर्धा इतिहास उभा आहे. पेशवे दफ्तरात रोजकीर्दही आहेत. पण कीर्दीत त्या दिवशीचं जमा काय, खर्च काय ते सापडतं. खलबतात कोणी कसला धोका सांगितला होता ते कीर्दीत कसं सापडणार?

२००२ मध्ये सिडनीच्या एका कंपनीने 'जिरा' नावाची प्रणाली काढली. (मला आधी फोडणीतलं वाटलं. नातू म्हणतो ते गोजिरा, म्हणजे गॉडझिला, त्यावरून आहे.) भिंतीवरची कार्डं तिथे पडद्यावर आली. कोणतं काम कोणाकडे, कुठवर आलं, सगळं तारखेसह. आता काल काय केलं हे सांगायची गरजच उरली नाही, पडद्यावर दिसतं. पण 'अडलंय' हे कार्ड सरकत नाही म्हणून दिसतं, *कशामुळे* अडलंय ते बहुतेक वेळा तोंडीच राहतं.

आणि तोंडी राहिल्याने काय होतं, याचं एक फार महाग उदाहरण आहे. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाशी पोचता पोचता हरवलं. एका तुकडीचे आकडे पाउंडात, दुसरीला अपेक्षित न्यूटनमध्ये, ही गोष्ट आपण विज्ञानाच्या पुस्तकात एककं शिकवताना सांगतो. चौकशी अहवालातली दुसरी गोष्ट मात्र सांगत नाही. वाटेत आकडे जुळत नाहीत हे काहींच्या ध्यानात आलं होतं! पण त्यांनी ते ई-मेलवर आपापसात मिटवायचा प्रयत्न केला, अडचण नोंदवायची जी ठरलेली पद्धत होती तिच्यात नीट घातलं नाही, आणि ते फटीतून निसटलं. त्यांच्यातही कोणीतरी घरी जाऊन म्हणालं असेल, मी सांगत होतो.

यावर तोड काढणारे लोकही आहेत. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलं की सगळं लिहू नका, फक्त मोठे निर्णय लिहा. एकेका निर्णयाला पान-दोन पानं. परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे परिणाम काय. क्रमांक द्या. निर्णय बदलला तरी जुनं पान फाडायचं नाही, त्यावर 'बदलला' एवढंच लिहायचं. मला हे फार पसंत पडलं. यात कोण काय बोललं हे नाही, कोण हुशार आणि कोण ढ हे नाही. तसंच रोजच्या सभेतून फक्त अडथळ्यांची यादी वेगळी ठेवायची रीतही बऱ्याच ठिकाणी आहे.

आणखी एक नोंद मला आवडली, ती एकट्या माणसाची. डोनाल्ड नूथ हे मोठे संगणकशास्त्रज्ञ, पुस्तकं सुबक छापता यावीत म्हणून त्यांनी टेक नावाची प्रणाली लिहिली. १९७८ पासून त्यांनी तिच्यातली स्वतःची प्रत्येक चूक लिहून ठेवली आणि १९८९ मध्ये आठशेहून अधिक चुकांची ती यादी चक्क प्रसिद्ध केली. पंधरा प्रकारांत वर्गवारी करून. गफलत वेगळी, विसरलेलं काम वेगळं, फुटकळ टंकनचूक वेगळी. इतकं निखळ कसं लिहिलं असेल? वही त्यांची स्वतःची होती. कोणी सही मागत नव्हतं.

आमच्या त्या अपूर्णांकवाल्या मास्तरांच्या हातात अशी स्वतःची वही दिली असती तर, असं मनात आलं.

त्या तीन प्रश्नांचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. या पद्धतीची अधिकृत पुस्तिका २०१० पासून निघते. नोव्हेंबर २०२० च्या आवृत्तीतून ते तीन प्रश्न काढून टाकले. पंधरा मिनिटं राहिली, प्रश्न गेले. माणसं वर्गात हजेरी दिल्यासारखी ती उत्तरं देऊ लागली होती, हे त्यामागचं कारण नातवाने कुठेतरी वाचून सांगितलं आणि मला ते पटतं. सकाळी सकाळी 'हजर बाई' म्हणणारं मूल हजर असतंच असं नाही.

आता तर नवीनच. सूनबाईच्या कंपनीत या वर्षी सभा ऐकून आपोआप लिहून काढणारं यंत्र आलं. सभा संपली की दोन मिनिटांत प्रत्येकाचं बोलणं आणि खाली गोषवारा. मला वाटलं, झाली सोय, सूनबाईचा प्रश्न सुटला. पण तिने आठवड्याभरात सांगितलं की तुकडीतली दोन नवी मुलं बोलेनाशी झालीत. 'सगळं ठरल्याप्रमाणे', एवढंच म्हणतात. मी काही बोलले नाही. उठून कपाटातून माझं सेवापुस्तक काढलं आणि ते पान तिच्यापुढे ठेवलं. मग रजिस्टरची गोष्टही सांगितली, अपूर्णांकांसकट. ती बराच वेळ पान बघत बसली. "आई, हे तुम्ही कधी बोलला नाहीत." म्हटलं, कोणी विचारलं नाही.

पुढच्या सोमवारी त्यांनी आपसांत ठरवून ते यंत्र सकाळच्या, म्हणजे आमच्या संध्याकाळच्या, सभेपुरतं बंद केलं. वरच्यांना समजावायला तिला तीन ई-मेल लिहावे लागले, ते तिने जपून ठेवलेत. त्याऐवजी सगळ्यांना दिसेल असं एकच पान केलंय. त्यात फक्त अडलेलं. तारीख, काय अडलंय, कोणाकडून काय हवंय. अडलेल्याचं नाव नाही. सुटलं की ओळ पुसायची नाही, पुढे सुटल्याची तारीख टाकायची. चालेल की नाही, मला माहीत नाही. कंपनी मोठी, माणसं बदलतात. दोन महिने तरी चाललंय.

परवा साडेसातला मी आमटीला उकळी आणत होते. ती ओट्याच्या पलीकडे उभी, कानात ते बोंडूक. त्या नव्या मुलांपैकी एकाचा आवाज बाहेर येत होता, काहीतरी आपल्याला जमत नाहीये असं सांगत होता. हिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि त्याला म्हणाली, उद्या सकाळी अकराला बस माझ्याबरोबर, मी दाखवते.

त्या पानावर ही ओळ नसणार. मी गॅस बारीक केला.